एका पाटाचे वाटेकरी: ‘रायव्हल’ या इंग्रजी शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रायव्हल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

जी गोष्ट एकालाच मिळू शकते, किंवा दोघांना वाटून दिली तर अपुरी पडते, अशा एकाच गोष्टीसाठी झटणाऱ्या दोघांपैकी प्रत्येक जण दुसऱ्याचा ‘रायव्हल’ असतो. ते दोघे माणसे असतील, संघ असतील, राजघराणी असतील किंवा समोरासमोर दुकाने थाटलेले व्यापारी असतील. शब्दकोश बहुधा एवढे सांगून थांबतात. प्रत्यक्ष वापरात मात्र या शब्दाला आणखी एक अट चिकटलेली आहे आणि ती म्हणजे बरोबरी. कुस्तीच्या फडात एखाद्या नवख्या पोराची जोड नामांकित मल्लाशी लागली, तर तो पोरगा त्या मल्लाचा त्या दिवसापुरता विरोधक ठरेल, परंतु त्याला कोणी त्याचा ‘रायव्हल’ म्हणणार नाही. ज्याच्यामुळे आपल्या हातचे जाऊ शकते, असे आपल्याला मनातून वाटते, तोच ‘रायव्हल’.

बरोबरीचा हा भाव इतका पक्का आहे की क्रियापद म्हणून हा शब्द वापरला, तर त्यात वैराचा लवलेशही उरत नाही. एका शहराची वास्तुकला दुसऱ्या शहराच्या वास्तुकलेला ‘रायव्हल’ करते, असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा ती तिच्या तोडीची आहे एवढेच सांगायचे असते. ‘अनरायव्हल्ड’ म्हणजे ज्याला तोड नाही असा, बिनतोड. भांडणाचा शब्द कौतुकाला कसा वापरला जातो, याचे उत्तर त्याच्या उगमात सापडते.

हा शब्द मुळात कोठून आला?

लॅटिन भाषेतून. लॅटिनमध्ये ‘रीवुस’ म्हणजे ओहोळ, ओढा किंवा शेताला पाणी नेणारा पाट. त्यापासून ‘रीवालिस’ हे विशेषण झाले, त्याचा शब्दशः अर्थ ‘ओढ्याचा’ किंवा ‘पाटासंबंधीचा’. नाम म्हणून ते माणसाला लावले जाऊ लागले, तेव्हा त्याचा अर्थ झाला एकाच पाटाचे पाणी दुसऱ्याबरोबर वापरणारा. म्हणजे आज ज्याला आपण प्रतिस्पर्धी म्हणतो, तो मूळ शब्दाप्रमाणे पाण्याचा वाटेकरी होता. लॅटिनमधून हा शब्द फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला.

नदीच्या दोन काठांवर समोरासमोर राहणारे ते ‘रायव्हल’, असे वाचले होते. ते बरोबर आहे का?

नाही. हे स्पष्टीकरण चित्र म्हणून आकर्षक आहे, कारण समोरासमोरच्या दोन काठांवर उभे असलेले दोन गट डोळ्यांपुढे लगेच येतात. परंतु काठासाठी लॅटिनमध्ये ‘रीपा’ हा वेगळाच शब्द आहे. गंमत अशी की नदीसाठीचा इंग्रजी शब्द ‘रिव्हर’ हा या ‘रीपा’पासून आलेला आहे, ‘रीवुस’पासून नव्हे. ‘अराइव्ह’ म्हणजे पोहोचणे, हाही ‘रीपा’च्याच घराण्यातला असून त्याचा मूळ अर्थ काठाला लागणे असा होता. त्यामुळे ‘रिव्हर’ आणि ‘रायव्हल’ हे शब्द कानाला भाऊ वाटले, तरी ते सख्खे नाहीत.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. दोन काठांवरच्या माणसांमध्ये नदी आडवी असते आणि ती त्यांना एकमेकांपासून तोडते. एका पाटावरच्या माणसांना पाणी बांधून ठेवते. वरच्याने दारे उघडे ठेवले की खालच्याचे वाफे कोरडे राहतात, आणि तरीही पाट फुटला तर दोघांचेही नुकसान होते. ‘रायव्हल’ हा शब्द या दुसऱ्या परिस्थितीतून जन्मलेला आहे.

रोमन काळात ‘रीवालिस’ हा खरोखरच कायद्याचा शब्द होता का?

होता, आणि त्याचा पुरावा सम्राट जस्टिनियनने इसवी सन 533 मध्ये जारी केलेल्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात आहे. त्यात तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ उल्पियन याचे म्हणणे उद्धृत केलेले आहे. त्याच्या शब्दांचा आशय असा: ‘रीवालेस’ यांच्यामध्ये, म्हणजेच जे एकाच पाटातून पाणी नेतात त्यांच्यामध्ये, पाण्याच्या वापरावरून वाद निर्माण झाला आणि दोघेही हा हक्क आपला आहे असे म्हणू लागले, तर न्यायाधिकाऱ्याचा आदेश दोघांनाही मागता येतो. शब्दाची व्याख्या देऊन त्याला लागूनच भांडणाचा उल्लेख करणारे हे वाक्य व्युत्पत्ती शोधणाऱ्याला मिळालेली पर्वणीच आहे.

रोमन कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याचा हक्क, पायवाटेच्या व गाडीवाटेच्या हक्काप्रमाणेच, जमिनीला चिकटलेला मानला जाई. बारमाही पाणी आणि केवळ उन्हाळी पाणी असा भेद केलेला होता. ज्याने चालू वर्षात पाणी घेतले आहे, त्याला ते पुढेही घेऊ द्यावे, असा आदेश न्यायाधिकारी देत असे; मात्र त्याला तीन अटी होत्या. ते पाणी त्याने प्रतिपक्षाकडून बळजबरीने, चोरून किंवा केवळ त्याच्या मेहेरबानीवर घेतलेले नसावे. ज्यांनी गावाकडे पाण्याची भांडणे पाहिली आहेत, त्यांना या तीन शब्दांत सगळे खटले सामावलेले दिसतील. पाट दुरुस्त करण्यासाठी व गाळ काढण्यासाठी येणाऱ्याला कोणी अडवू नये, याकरिता एक स्वतंत्र आदेश होता. पाणी वेळेनुसार वाटता येते तसेच मापानेही वाटता येते, याचीही नोंद त्याच संग्रहात आहे.

कायद्याच्या ग्रंथाबाहेरही याचे पुरावे आहेत. आजच्या अल्जीरियातील लामास्बा या ठिकाणी तिसऱ्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील, सम्राट एलागाबालसच्या कारकिर्दीतील (218–222), एक शिलालेख मिळाला. त्यात गावातील जमीनधारकांची नावे आणि प्रत्येकाला अमुक तासापासून अमुक तासापर्यंत पाणी मिळेल, याचा तपशील कोरलेला आहे. थोडक्यात, पाणीपाळीचे वेळापत्रक दगडावर लिहून ठेवलेले आहे. स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यात सम्राट हेड्रियनच्या काळातला एक ब्राँझचा पत्रा सापडला आहे. त्यावर एका कालव्याचे पाणी वापरणाऱ्या गावांची नियमावली असून कालव्याची देखभाल व सफाई प्रत्येकाने आपापल्या हिश्शाप्रमाणे करावी, असे तीत बजावलेले आहे. हक्क जितका, फावडे तितके.

पाण्याचे वाटेकरी हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी कसे झाले? अर्थाचा हा प्रवास ओढूनताणून जुळवलेला वाटतो.

ज्याने पाटाच्या पाण्यावर शेती पाहिली आहे, त्याला तो ओढूनताणून जुळवलेला वाटणार नाही. मी लहान असताना आमच्या चारीवर रात्री दोनची पाळी असे. वडिलांबरोबर कंदील घेऊन मी बांधावर जाई. चारीत आधी पाचोळा आणि फेस येई, त्यामागून पाणी येई. पलीकडे शेजारचे काका फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे असत, कारण त्यांची पाळी संपेपर्यंत ते दारे मोडू देत नसत. त्यांच्या मनगटावरचे घड्याळ वडिलांच्या घड्याळापेक्षा पाच मिनिटे मागे होते. त्या पाच मिनिटांवरून दर पाळीला बोलाचाली होई. वर्षानुवर्षे ती होत राहिली आणि दोघांपैकी एकानेही घड्याळ जुळवून घेतले नाही. परंतु पाळी सुरू होण्याआधी चारीतला गाळ काढायला हेच दोघे एकाच दिवशी, एकाच वेळी, एकमेकांशेजारी उभे असत. आणि वरच्या अंगाला कोणी चारी फोडली असा संशय आला, की दोघे मिळून काठी घेऊन निघत.

लॅटिन ‘रीवालिस’ हा शब्द जसाच्या तसा या दोघांना लागू पडतो. भांडण होण्यासाठी वैर असावे लागत नाही. वस्तू सामाईक असावी आणि ती पुरेशी नसावी, एवढे पुरते. पाणी मुबलक असते त्या वर्षी वाटेकरी हे नुसते वाटेकरी राहतात. पावसाने ओढ दिली की त्याच माणसांना तोच शब्द वेगळ्या सुरात लावला जातो. अर्थ बदलण्यासाठी शब्दाला कोठे लांब जावे लागलेले नाही.

म्हणूनच जेथे पाणीवाटपाच्या व्यवस्था दीर्घकाळ टिकल्या, तेथे या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस उभा केलेला दिसतो. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर बंधारे घालून चालणारी जुनी फड पद्धत प्रसिद्ध आहे. तीत शेताला पाणी देण्याचे काम ज्याच्या त्याच्याकडे न ठेवता पाटकऱ्याकडे सोपवलेले असते. पाटकरी हा कोणाचाच ‘रायव्हल’ नसतो, हेच त्याचे मोल.

लॅटिनमध्ये हा शब्द प्रेमातील प्रतिस्पर्ध्यासाठी वापरत असत, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि येथे एक अडचणीची गोष्टही मान्य करायला हवी. लॅटिन साहित्यात हा शब्द प्रथम दिसतो, तो पाटाच्या संदर्भात नव्हे, तर प्रेमाच्या संदर्भात. प्लॉटस या नाटककाराचे ‘स्टिकुस’ हे विनोदी नाटक इसवी सनपूर्व 200 मध्ये रंगभूमीवर आले. त्याच्या शेवटच्या भागात दोन गुलामांची मेजवानी आहे. दोघांची प्रेयसी एकच आहे. दोघे एकाच पेल्यातून आळीपाळीने पितात, आणि आपण दोघे ‘रीवालेस’ असूनही एकमेकांवर जीव टाकतो ही किती मजेची गोष्ट, असे ते स्वतःच म्हणतात. येथे प्रतिस्पर्धी हा अर्थ आहे, नाहीतर विनोदच होणार नाही. परंतु एक पेला, एक पाळी, एक वाटा अशी सगळी मांडणी पाटावरच्या वाटेकऱ्यांची आहे. प्लॉटसच्या प्रेक्षकांना शब्दाचा पाणथळ उगम ठाऊक असावा, असे मला हा प्रसंग वाचताना वाटते.

उल्पियनची व्याख्या त्यानंतर चार शतकांनी येते. मग मूळ अर्थ कोणता, असा आक्षेप काही जण घेतात. तो फारसा टिकत नाही. शब्दाची घडण ‘रीवुस’पासूनच झाली आहे, आणि शेतीतले व कायद्यातले शब्द लिखाणात उशिरा उतरतात, हे कोणत्याही भाषेत दिसते. आपल्याकडे ‘पाळी’ हा शब्द प्रथम कोणत्या पोथीत आला याचा शोध घेतला, तर तो पाटाच्या काठावर सापडणार नाही. पण म्हणून तो पाटावर नव्हता असे होत नाही. प्राचीन टीकाकारांमध्ये आणखी एक स्पष्टीकरण प्रचलित होते: तहानलेली रानटी जनावरे एकाच ओहोळावर पाणी प्यायला येतात आणि एकमेकांवर तुटून पडतात, त्यावरून हा शब्द निघाला, असे ते म्हणत. त्यातली जनावरे कल्पनेतली असली, तरी ओहोळ तोच आहे.

प्रेमातला अर्थ पुढे लॅटिनमध्ये इतका रुळला, की त्यावरून म्हणीसारखा एक टोमणाही तयार झाला. इसवी सनपूर्व 54 मधील, धाकट्या भावाला लिहिलेल्या एका पत्रात रोमन वक्ता व राजकारणी सिसेरो राजकारणातील एका समकालीनाविषयी म्हणतो, की हा माणूस स्वतःच्याच प्रेमात पडला आहे आणि त्या प्रेमात त्याला कोणी ‘रीवालिस’ नाही. पुढे कवी होरेस यानेही हीच कल्पना आपल्या काव्यविषयक पत्रात वापरली.

इंग्रजीत आल्यावर अर्थ लगेच स्थिर झाला का?

नाही; काही काळ दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले, आणि ते शेक्सपिअरच्या लिखाणात पाहायला मिळतात. ‘हॅम्लेट’ या नाटकाचा पहिलाच प्रवेश घ्या. मध्यरात्रीचा पहारा बदलतो आहे. नव्याने आलेला पहारेकरी बर्नार्डो जाणाऱ्या शिपायाला सांगतो, की होरेशिओ आणि मार्सेलस हे माझ्या पहाऱ्याचे ‘रायव्हल्स’ तुला वाटेत भेटले तर त्यांना लवकर यायला सांग. हे दोघे त्याचे प्रतिस्पर्धी नाहीत, ते त्याचे जोडीदार आहेत. एकच पहारा तिघांनी वाटून घेतलेला आहे. या नाटकाची 1603 साली छापलेली पहिली, काहीशी मोडकीतोडकी प्रत पाहिली, तर त्याच जागी ‘पार्टनर्स’ म्हणजे भागीदार हा शब्द आढळतो. एका शब्दाचा अर्थ त्याच नाटकाच्या दुसऱ्या प्रतीने उलगडून द्यावा, असे भाग्य शब्दकोशकाराला क्वचितच लाभते.

‘अँटनी आणि क्लिओपात्रा’ या नाटकात ‘रायव्हॅलिटी’ असा शब्द येतो. सीझरने (येथे ज्युलियस नव्हे, ऑक्टेव्हियस) युद्धात सत्तेतला आपला भागीदार लेपिडस याचा उपयोग करून घेतला आणि मग त्याला ‘रायव्हॅलिटी’ नाकारली, असे तेथे म्हटले आहे. आजच्या अर्थाने वाचले, तर स्पर्धा नाकारली असा विचित्र अर्थ निघतो. खरा अर्थ बरोबरीचा वाटा नाकारला, असा आहे. याउलट ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये हर्मियावर प्रेम करणारे दोन तरुण आजच्याच अर्थाने ‘रायव्हल्स’ आहेत. म्हणजे एकाच लेखकाच्या दौतीत दोन्ही अर्थ होते आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पुढे भागीदारीचा अर्थ मावळला, आणि ‘रायव्हलरी’ हे भाववाचक नाम केवळ चढाओढीसाठी उरले.

‘रीवुस’पासून निघालेले आणखी कोणते शब्द आपल्या परिचयाचे आहेत?

सर्वांत मजेशीर शब्द ‘डिराइव्ह’ हा आहे. ‘दे’ म्हणजे पासून आणि ‘रीवुस’ म्हणजे पाट, असे मिळून लॅटिनमध्ये ‘पाटातून पाणी वळवून घेणे’ असे क्रियापद झाले. त्याचाच अर्थ पुढे ‘एखाद्या गोष्टीपासून निघणे’ असा झाला. व्युत्पत्तीला इंग्रजीत ‘डेरिव्हेशन’ म्हणतात, तेव्हा आपण या लेखात जे करत आहोत, तेही मुळात पाट वळवणेच आहे. ‘रिव्ह्युलेट’ म्हणजे ओहोळ, हाही त्याच कुळातला आहे. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांतील ‘रिओ’ म्हणजे नदी, हा ‘रीवुस’चाच वंशज असून ‘रिओ दि जनेरो’ या शहराच्या नावात तो आहे. व्हेनिसमधल्या छोट्या कालव्यांनाही ‘रिओ’ असेच म्हणतात.

या शब्दाचे संस्कृतशी काही नाते आहे का?

आहे, पण दूरचे आहे आणि ते बहुतेकांना वाटते तेथे नाही. ‘रीवुस’ ज्या प्राचीन भारोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या सामाईक पूर्वज भाषेतील धातूपासून आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्याच धातूचा संस्कृतमधील अवशेष म्हणजे ‘री’, वाहणे किंवा वाहते करणे. त्याची ‘रीयते’, ‘रिणाति’ अशी रूपे होतात. त्यापासून झालेल्या ‘रीति’ या शब्दाचा ऋग्वेदातील अर्थ प्रवाह, ओघ असा आहे. ओघ जसा जातो तशी चाल, आणि चाल म्हणजे पद्धत, असा तो शब्द पुढे सरकला आणि मराठीत ‘रीत’ होऊन राहिला. म्हणजे आपली ‘रीतभात’ आणि इंग्रजांचा ‘रायव्हल’ हे एकाच झऱ्यावरचे दोन दूरचे भाऊबंद आहेत.

स्वतः उल्पियनने मात्र ‘रीवुस’चा संबंध वाहणे या अर्थाच्या ‘ऱ्हेइन’ या ग्रीक क्रियापदाशी जोडला होता. तो ध्वनिसाम्याला फसला. ते ग्रीक क्रियापद संस्कृत ‘स्रवति’चे सख्खे आहे आणि त्याचे मूळ वेगळे आहे. व्युत्पत्तीच्या बाबतीत कायदेपंडितावर विसंबू नये, एवढे यावरून म्हणता येईल.

सामाईक वस्तूवरून प्रतिस्पर्धी हा अर्थ येणे, असे आपल्या भाषांत घडले आहे का?

घडले आहे, आणि एकदा नव्हे, तर तीनदा घडल्याची उदाहरणे सहज देता येतात.

पहिले उदाहरण ‘सपत्न’ या संस्कृत शब्दाचे आहे. ‘सपत्नी’ म्हणजे एकाच पतीची दुसरी पत्नी, मराठीतली ‘सवत’. या स्त्रीलिंगी शब्दावरून ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द बनवला गेला आणि त्याचा अर्थ झाला प्रतिस्पर्धी, शत्रू. पुरुषांमधल्या, राजांमधल्या वैरासाठी घरातल्या सवतीमत्सराची उपमा घेतली गेली. लॅटिनने पाट घेतला, संस्कृतने संसार घेतला. मागची कल्पना एकच.

दुसरे उदाहरण ‘भ्रातृव्य’ हे. याचा सरळ अर्थ भावाचा मुलगा किंवा चुलतभाऊ असा आहे. परंतु वैदिक ग्रंथांत हा शब्द वारंवार प्रतिस्पर्धी या अर्थाने येतो. यजमानाने यज्ञ करावा आणि आपल्या ‘भ्रातृव्या’वर मात करावी, असे तेथे सांगितलेले असते. पाणिनीने याची दखल घेऊन लागोपाठ दोन सूत्रे केली: एका सूत्राने नात्याचा अर्थ दिला आणि ‘व्यन् सपत्ने’ या पुढच्याच सूत्राने शत्रू हा अर्थ दिला. दोन अर्थांमध्ये फरक राहतो तो केवळ स्वराचा. चुलतभाऊ म्हणायचे की वैरी, हे आघात कोठे द्यायचा यावर ठरत होते. महाभारताच्या देशात याचे आश्चर्य कोणाला वाटू नये.

तिसरे उदाहरण आपले घरचे आहे: ‘भाऊबंदकी’. शब्द फोडून पाहिला, तर भाऊ आणि बंधू यांचे नाते, यापलीकडे त्यात काही नाही. पण मराठी माणसाला ‘त्यांच्यात भाऊबंदकी आहे’ असे सांगितले, तर त्याच्या डोळ्यांपुढे प्रेमाने नांदणारे भाऊ येत नाहीत; त्याला सामाईक विहीर, सातबाऱ्यावरची नावे, बांध कोरल्याची तक्रार आणि कोर्टाच्या तारखा दिसतात. पेशवाईतल्या काका-पुतण्यांच्या कलहालाही आपण हाच शब्द लावतो. ‘भावकी’ हा शब्द मात्र अजून बराचसा निरुपद्रवी राहिला आहे, कारण त्यात लग्नकार्याला जमणारे सगळेच येतात. ‘रीवालिस’चा अर्थप्रवास एखाद्या मराठी विद्यार्थ्याला एका शब्दात समजावून द्यायचा असेल, तर मी ‘भाऊबंदकी’ हाच शब्द फळ्यावर लिहीन.

‘रायव्हल’, ‘कॉम्पिटिटर’, ‘ऑपोनंट’ आणि ‘एनिमी’ यांत फरक काय?

‘एनिमी’ हा लॅटिन ‘इनिमिकुस’पासून, म्हणजे ‘मित्र नसलेला’ या शब्दापासून आला. त्यात भावना आधी येते आणि वस्तू असलीच तर नंतर येते. शत्रूला आपले काहीच नको असले, तरी तो शत्रू असू शकतो. ‘ऑपोनंट’ म्हणजे समोर ठाकलेला. डाव संपला की तो ऑपोनंट राहत नाही. ‘कॉम्पिटिटर’ हा ‘बरोबरीने मागणारा’ असा शब्द असून रोममध्ये तो एकाच पदासाठी उभ्या असलेल्या उमेदवारांना लावत. हा ‘रायव्हल’च्या सर्वांत जवळचा असला, तरी त्यात ओळखदेख असण्याची गरज नाही. परीक्षेला बसलेले हजारो विद्यार्थी एकमेकांचे कॉम्पिटिटर असतात; त्यांपैकी ‘रायव्हल’ तो एकच, ज्याचा निकाल आपण आपल्या निकालाआधी पाहतो.

मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द वापरावा?

‘प्रतिस्पर्धी’ हा सर्वत्र चालणारा शब्द आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच वापरावा. त्याच्या मागचे चित्र मात्र वेगळे आहे, हे जाणून असावे. ‘स्पर्ध्’ या धातूचा गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतील नातलग ‘स्पाउर्ड्स’ हा धावण्याच्या मैदानासाठीचा शब्द आहे. म्हणजे आपला प्रतिस्पर्धी शर्यतीच्या मैदानावर भेटतो आणि इंग्रजीतला पाटावर. शर्यत संपते, पाणी दर पाळीला येते.

‘रायव्हलरी’साठी प्रसंगानुसार शब्द निवडावा. खेळाच्या वा निवडणुकीच्या बातमीत ‘चुरस’ आणि ‘चढाओढ’ हे शब्द नेमके बसतात. ‘चुरस’मध्ये निकाल अनिश्चित असल्याचा भाव आहे, ‘चढाओढी’त दोघेही सतत वर सरकत असल्याचा. दोन घराण्यांत किंवा दोन गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असेल, तर ‘पूर्वापार स्पर्धा’ म्हणावे. ‘वैर’ म्हणू नये, कारण त्यात रक्त सांडल्याचा वास येतो. ‘ईर्षा’ चांगल्या अर्थाने खेळाडूंच्या बाबतीत वापरतात, पण ‘हेवा’ आणि ‘मत्सर’ हे एकतर्फी असतात आणि ‘रायव्हलरी’ला दोन बाजू लागतात. भावंडांमधल्या ‘सिब्लिंग रायव्हलरी’साठी ‘भाऊबंदकी’ वापरण्याचा मोह आवरावा. खेळण्यावरून भांडणाऱ्या चार वर्षांच्या मुलांना ती भारी पडते. तेथे ‘भावंडांमधली स्पर्धा’ हे साधे शब्द पुरेसे आहेत. क्रियापदाचा कौतुकाचा अर्थ असेल, तर ‘तोडीस तोड’ किंवा ‘बरोबरी करणे’ याहून चांगले काही नाही.

उच्चार आणि लेखन कसे करावे?

देवनागरीत ‘रायव्हल’ असे लिहावे. ‘रिव्हल’ असा उच्चार काही जण ‘रिव्हर’च्या प्रभावाने करतात, तो चुकीचा आहे. आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि शेवटचा ‘ल’ जवळजवळ स्वराविना उच्चारला जातो. क्रियापदाचे भूतकाळी रूप रोमन लिपीत लिहिताना ब्रिटिश पद्धतीत शेवटचे ‘एल’ हे अक्षर दुहेरी येते आणि अमेरिकन पद्धतीत एकेरी. एका मजकुरात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.